शनिवारचं तेल

"उद्या यायचं नाही हं काकू," असं ती मुलगी हसत म्हणाली आणि मी तशीच बाकावर बसून राहिले. मुलीचं नाव श्रुतिका. डोंबिवलीहून येते आणि कोलशेतला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर जी व्यायामाची खोली आहे, तिथे लोकांना वजनं उचलायला शिकवते. माझी हाडं ठिसूळ होत चालली आहेत असा निकाल डॉक्टरांनी दिला होता आणि गोळ्यांच्या जोडीला वजनं उचला असं सांगितलं होतं. मी जन्मभर महापालिकेच्या शाळेत शिकवलं, हजेरीपटाहून जड काही उचललं नाही, असं मी त्यांना म्हटलं तर ते हसलेसुद्धा नाहीत. पहिला दिवस मात्र बरा गेला. अंगात हुशारी आली आणि उद्या किती वाजता येऊ म्हणून मी विचारलं, त्यावर तिचं हे उत्तर. मग तिने मला समजावलं. वजन उचलताना ताकद वाढत नाही, तेव्हा स्नायूंची उलट झीजच होते. ती झीज भरून निघते नंतर, आपण खातो, झोपतो, स्वस्थ बसतो तेव्हा, आणि भरताना थोडी जास्त भरते, तीच ताकद. म्हणून आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि मधला दिवस सुट्टीचा. "तो सुट्टीचा दिवस खाल्ला ना काकू, तर सगळं उलटं होतं," ती म्हणाली. एखादीने वड्याच्या सारणात मीठ केव्हा घालायचं ते सांगावं, इतक्या सहज सांगितलं तिने. माझ्या भावाला हे कुणी वेळेवर, नीट शब्दांत सांगितलं असतं तर तो आयुष्यभर पाय ओढत जगला नसता. मी तिला यातलं काही बोलले नाही. पाणी प्यायले आणि लिफ्टने वर आले.

आम्ही तेव्हा कोपरीत राहत होतो, स्टेशनच्या पूर्वेला, एका बैठ्या चाळीत. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीच्या पलीकडे शहाबादी फरश्या टाकलेला एक अरुंद बोळ. तो बोळ आमचाच असल्यासारखा होता, कारण दुसरं कुणी तिथे येत नसे. समोर पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा सकाळपासून फटफट वाजायचा आणि आमच्या खिडकीच्या गजांवर पिठाची पांढरी साय धरायची. आई रोज ती ओल्या फडक्याने पुसायची आणि रोज गिरणीवाल्याला शिव्या घालायची. आबा, म्हणजे माझे वडील, कोलशेतकडच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. ते घरी आले की त्यांच्या नखांवरून आज कुठला रंग चालू आहे ते आम्हाला कळायचं. आई चार घरची शिवणं करायची. अशोकदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि मी शेंडेफळ. मधली दोन भावंडं गेली, त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

आमच्या घरात वारांना देव नव्हते. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावच्या घरातले सगळे देव टोपलीत भरून वहाळात सोडले होते आणि आबांना त्या टोपलीचा फार अभिमान होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, संध्याकाळी वंदना, रविवारी विहार, संपलं. चाळीत मात्र बाकीच्यांचे वार देवांना वाटलेले होते. मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्या दिवशी सगळीकडे साबुदाण्याचा नाहीतर वरीच्या तांदळाचा वास आणि फक्त आमच्या खोलीतून भाजलेल्या सुक्या बोंबलांचा. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून जायच्या. आईला ते लागायचं; ती म्हणायची, "आज राहू दे, उद्या भाजते." आबा म्हणायचे, "आजच भाज. आपण वार पाळत नाही." म्हणून बोंबील मुद्दाम त्याच दिवशी भाजले जायचे. मला सुक्या बोंबलाची चटणी अजूनही आवडते, पण ती खाताना कुणीतरी दाराबाहेर उभं आहे असं अजूनही वाटतं.

दादाला लोखंडाचा नाद कसा लागला हे मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो व्यायामशाळेत जातच होता. गावठाणाच्या कडेला पत्र्याची शेड, आत कोपऱ्यात शेंदूर फासलेला मारुती, मातीचा हौदा आणि भिंतीला टेकवलेले बार आणि प्लेटा. चालवणारे वस्ताद तिथल्याच जुन्या आगरी घरातले. बुटके, मान जवळजवळ नाहीच, आणि आवाज इतका बारीक की ऐकायला पोरांना वाकावं लागे. त्यांच्या शाळेतली बरीच पोरं पुढे नवरात्रात टेंभी नाक्याला मिरवत, छातीला तेल लावून. दादा तसला नव्हता. त्याला दिसायचं नव्हतं, उचलायचं होतं. वजन जमिनीवरून उचलून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर, एवढ्या एकाच गोष्टीत त्याला गोडी होती. वस्तादांनी त्याला सांगितलं होतं की जिल्ह्याच्या चाचणीत निवड झाली तर रेल्वेत खेळाडूंच्या जागा असतात, त्यात लागशील. कल्याणला चाचणी होणार होती, पुढच्या वर्षी. आबांना खोकला लागला होता आणि कारखाना त्यांना फार दिवस ठेवणार नाही हे घरात सगळ्यांना समजलं होतं. तेव्हा दादाच्या हातातला तो बार म्हणजे आमचं पुढचं घर होतं, असं म्हटलं तरी चालेल.

व्यायामशाळेचा शिरस्ता ठरलेला. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी वजन. मंगळवारी आणि गुरुवारी पोरांचा उपास, म्हणून लोखंडाला हात लावायचा नाही. यायचं, झाडलोट करायची, हौद्यातली माती उकरायची, घरी जायचं. आणि शनिवारी मारुतीला तेल. मारुतीला घालून उरलेलं तेल कोमट करायचं आणि पोरांनी एकमेकांची अंगं चोळायची, पाठ, खांदे, पोटऱ्या, मांड्या. सकाळभर तेच. मग गरम पाण्याने अंघोळ आणि दिवसभर लोळणं. आता कागदावर मांडून पाहिलं की माझं मलाच हसू येतं, आणि ते चांगलं हसू नसतं. देवांनी आपसात वार वाटून घेताना त्या पोरांना जवळजवळ एक दिवसाआड सुट्टी देऊन टाकली होती. श्रुतिका जे सांगते ते त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपोआप पाळलं जात होतं. कशासाठी, ते तिथे एकालाही ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला दादा शनिवारीही जायचा. मारुतीला नमस्कार करायचा नाही, बाजूला उभा राहायचा, मग तेल चोळायला बसायचा. कुणाच्या पाठीला त्याचा हात चालायचा, पण त्याच्या पाठीला हात लावायला कुणी पुढे येईना. एकदोनदा वस्तादांनी कुणाला तरी खुणावलं, मग ते पोर नाइलाजाने दोन हात मारून उठायचं. हे दादाने घरी फक्त आईला सांगितलं होतं. एका शनिवारी तो गेला आणि लगेच परत आला. आई मशीनवर होती, मी दप्तर भरत होते, आबांची दुसरी पाळी होती म्हणून तेही घरात होते. दादा उंबऱ्यात बसला आणि हसायला लागला.

"काय झालं रे?" आईने मशीन थांबवून विचारलं.

"काही नाही. शनिवारी येऊ नको म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"विलास. वस्तादांचा पुतण्या. म्हणतो, शनिवारचा तू नको येत जाऊस रे. मारुतीचं तेल असतं, पोरं कुरकुर करतात. बाकी दिवस ये ना, कोण नाही म्हणतंय."

"आणि वस्ताद?"

"वस्ताद प्लेटा पुसत होते."

आई म्हणाली, "मग जायचंच नाय तिकडं. मेले तुझ्याकडून अंग चोळून घेतील आनि तुला हात लावायला ह्यांचे हात झडतात." तिचा आवाज चढला की गावची बोली बाहेर यायची. आबा मात्र शांतपणे चहा पीत होते. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "जायचं. लोखंड त्यांच्या बापाचं नाही. चार दिवस तिथे उचल. आणि ते ज्या दिवशी देवापुढे बसतात ना, त्या दिवशी तू घरी उचल. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यांना देव आहेत म्हणून ते बसतात. तुला कोण आहे बसवायला? हप्त्यात तीन दिवस तू त्यांच्या पुढे जाशील. वर्षभरात त्यांनी तुझ्या पाठीकडे बघत राहायचं."

त्या क्षणी मला आबा एवढे मोठे वाटले की काय सांगू. दादाचं हसू थांबलं होतं आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता की जणू कुणीतरी त्याला उचलून उभं केलं. अपमानावर याहून चांगलं उत्तर आजही मला सुचत नाही. फक्त ते शरीराला लागू पडत नव्हतं. शरीराला धर्म नसतो हे आबांचंच वाक्य. त्याला अभिमानही नसतो, हे त्यांना कुणी सांगायचं?

पुढच्या आठवड्यात आबांनी कारखान्याच्या भंगारातून एक लोखंडी नळी आणली. दोन तेलाचे पत्र्याचे डबे घेतले, त्यात नळीची टोकं उभी करून सिमेंट-खडी ओतली, आणि बोळात आमचं स्वतःचं वजन तयार झालं. ते सुकेपर्यंत दादा दिवसातून चारदा जाऊन बोटाने दाबून बघायचा. मग पहाटेचा क्रम सुरू झाला, आबांनी सांगितलेल्या तीन दिवसांऐवजी रोजच. वजन खाली ठेवताना धप्प आवाज झाला तर चाळ उठेल आणि व्यायामशाळेपर्यंत बातमी जाईल, म्हणून मी गोणपाटं भिजवून, घड्या घालून फरशीवर अंथरायचे. ते माझं काम. ओल्या गोणपाटाचा वास, दादाच्या नाकातून जाणारा श्वास, आणि मग भप्प असा दबका आवाज. गिरणीचा पट्टा सुरू व्हायच्या आत आमचं संपलेलं असायचं. आई आदल्या रात्री हरभरे भिजत घालायची, ते सकाळी गुळाबरोबर. अंडी दादाला, आम्हाला त्या अंड्यांचा रस्सा. रविवारी बकऱ्याचे पाय. ते स्वस्त मिळायचे, चुलीवर तासन्‌तास रटरटायचे आणि घरभर मिरी-लवंगेचा वास भरायचा. दादा हाडं चोखून ताटाच्या कडेला रांगेत लावायचा आणि मला म्हणायचा, "सुजे, बघ, एवढी ताकद आत गेली."

आणि ताकद आली, हे सांगायलाच हवं. पहिले काही महिने तो असा वाढला की सगळ्यांनी बघत राहावं. शर्टाच्या बाह्या आईने उसवून मोठ्या केल्या. व्यायामशाळेत विलासच्या वजनाला तो पोचला, मग पुढे गेला. वस्ताद त्याच्या बाराजवळ येऊन उभे राहू लागले. आबा संध्याकाळी खोकत खोकत विचारायचे, "आज कितीवर?" आणि आकडा ऐकला की उशीला टेकून डोळे मिटायचे. त्यामुळे पुढे जे व्हायला लागलं त्याचं कारण आम्ही कुणी तिकडे शोधलंच नाही. जे करून वाढलं तेच करून कमी होईल, असं कुणाला वाटणार?

आधी त्याची झोप गेली. मग भूक. हरभऱ्याची वाटी तशीच राहायला लागली. जिना नसलेल्या चाळीतसुद्धा तो उठताना भिंतीला हात लावायचा. चिडचिडा झाला, एकदा माझं पाटीवरचं गणित चुकलं म्हणून त्याने पाटी आपटून फोडली आणि मग स्वतःच रडला. एवढा दांडगा माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. कमरेपासून डाव्या पायात कळ जायची, ती तो दात चावून दाबायचा. आणि वजन उतरायला लागलं. काल जे डोक्यावर गेलं ते आज खांद्यावरच थांबायचं. दादाला याचा एकच अर्थ माहीत होता, की आपण कमी पडतोय. मग तो पहाटेबरोबर संध्याकाळीही बोळात जायला लागला. चाचणी जवळ येत होती.

वस्तादांच्या लक्षात आलं, हे कबूल करायला हवं. दादानेच तेव्हा मला सांगितलं, कारण आई-आबांना त्याला सांगायचं नव्हतं. शुक्रवारी सगळ्यांसमोर त्याचा बार हातातून निसटला, तेव्हा वस्ताद जवळ आले. त्यांच्या आगरी बोलीत 'ळ' नव्हता, सगळा 'ल'.

"काय रं, घरी काय करतंस का?"

"नाही वस्ताद."

"मग ताकद कनी खाल्ली तुझी? डोले बघ कसे झालेत. आठ दिस येव नको. घरी बस. मंग बघू."

दादा पाय ओढत घरी आला आणि बोळात माझ्याशेजारी बसून म्हणाला, "बघ सुजे. आधी शनिवारी नको. आता आठ दिवस नको. चाचणी दहा दिवसांवर आणि मला म्हणतात घरी बस. विलासला पुढे काढायचंय त्यांना." मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मी मान डोलावली. मलाही तसंच वाटलं. आईला सांगितलं असतं तर तिलाही तसंच वाटलं असतं, आबांना तर दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. आयुष्यात एकदाच त्या माणसाने त्याला खरं औषध सांगितलं, आणि ज्या तोंडाने ते सांगितलं ते तोंड आधी गप्प राहिलेलं होतं. माझी मुलगी मला विचारते, आई, तुला अपराधी वाटतं का? नाही वाटत. मला राग येतो. एवढी वर्षं झाली, राग शिळा होत नाही. विलासचा नाही येत, तसले विलास प्रत्येक गल्लीत असतात. राग येतो तो प्लेटा पुसत राहण्याचा.

तेव्हा दादा घरी बसला, पण बोळात. आठही दिवस, दोन्ही वेळा. चाचणीच्या अलीकडचा शनिवार होता. मी गोणपाटं अंथरली. त्याने नळीला हात घातले, वाकला, श्वास घेतला आणि वजन गुडघ्यांपर्यंत आलं. मग तो थांबला. आवाज नाही, ओरडणं नाही, काही नाही. त्याने वजन हळूच, अगदी सावकाश गोणपाटावर ठेवलं. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. मग तो त्याच्यावरच बसल्यासारखा झाला आणि घसरून भिंतीला टेकला.

"सुजे," तो म्हणाला, "माझे पाय बघ गं कुठे गेले."

मी म्हटलं, "इथेच आहेत की." मी त्याच्या पावलावर हात ठेवला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ठेव ना हात." मी म्हटलं, "ठेवलाय."

त्याने दवाखान्यात नेऊ दिलं नाही. पेटका आहे, उद्या उतरेल, व्यायामशाळेत कळलं तर नाव कापतील. दोन दिवस तो खोलीत आडवा होता. लघवी होईना तेव्हा आई घाबरली आणि आबांनी गिरणीवाल्याच्या हातगाडीवर घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, तोच गिरणीवाला ज्याला आई रोज शिव्या घालायची. पाठीच्या मणक्यातली गादी सरकून शिरा दाबल्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, जे करता येतं ते केलं. लगेच आणला असता तर, असं एक जण म्हणाला. उजवा पाय थोडा परत आला. डावा घोट्यापासून लोंबता राहिला. चाचणी कल्याणला झाली, कोण निवडलं गेलं हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

वस्ताद आले ते त्यानंतर महिनाभराने. आमच्या खोलीत त्यांनी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. हातात पितळेची वाटी, वर केळीच्या पानाचा तुकडा. आईने त्यांना बसायलाही सांगितलं नाही, पण चहा केला. ती कप पुढे करून उभी राहिली, घेतो की नाही ते बघायला. त्यांनी घेतला, सगळा प्यायला आणि कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. मोरीच्या दारातून त्यांना बोळ दिसला आणि बोळातलं ते सिमेंटचं वजन. ते तिथेच उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा आधीसारखा नव्हता.

"ह्यो कवापासून?"

"शनिवारी येऊ नको म्हणालात, तेव्हापासून," दादा खाटेवरून म्हणाला. "मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी इथे. बाकी दिवस तिथे आणि इथेही."

वस्ताद खाली जमिनीवर बसले. "अरे, मी तुना इचारला होता. घरी काय करतंस का?"

"मी का सांगू तुम्हाला?" दादा म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "वस्ताद, मधले दिवस वजन उचलायचं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"आमचे बापाने सांगितला. मंगलवार देवीचा, शनिवार मारुतीचा. येवराच म्हाईत. अंग मोकला होतं, पोरा टिकतात."

"मग मलाही तेवढं सांगायचं. अंग मोकळं होतं, एवढं. देव नसते सांगितले तरी चाललं असतं."

वस्तादांनी वाटी जवळ ओढली. आबा कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या नखांत त्या दिवशी लाल रंग होता. गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"शनिवारी तुम्ही मला तेलासाठी थांबू दिलं असतं ना," दादा म्हणाला, "तर मी घरी येऊन उचललं नसतं."

मग वस्तादांनी केळीचं पान बाजूला केलं, बोटं तेलात बुडवली आणि दादाची चादर पोटऱ्यांपर्यंत वर सरकवली. ज्या माणसाने वर्षभर त्याला बोटही लावलं नव्हतं तो त्याची पावलं मांडीवर घेऊन चोळायला लागला. टाचा, घोटे, बोटांच्या बेचक्या. फार निगुतीने चोळत होते, त्यांच्या हातात जन्मभराची सवय होती. आईने तोंड फिरवलं. दादा वर छताकडे बघत होता. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "वस्ताद, सुरू केलं का? मला कळत नाही."

वस्तादांचे हात थांबले नाहीत. ते रडत होते की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी दादाकडे बघत होते. त्याने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

पुढे ऐकलं की व्यायामशाळेतला शनिवारचा तेलाचा प्रकार वस्तादांनी बंद करून टाकला. सगळ्यांसाठीच. काही लोक याला पश्चात्ताप म्हणाले. मला ते पटत नाही. एखाद्याला आत घेण्यापेक्षा दार कायमचं लावून टाकणं सोपं जातं, एवढंच. आबांनी एका रविवारी हातोडा घेऊन दोन्ही डबे फोडले. सिमेंटच्या ढेपा बोळाच्या टोकाला टाकल्या आणि नळी मोरीत आडवी लावली, कपडे वाळत घालायला. त्या नळीवर दादाच्या चड्ड्या-बनियन वर्षानुवर्षं वाळल्या. आबा त्यानंतर दोन पावसाळे जगले. त्या दिवसाबद्दल, त्या सल्ल्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, पण मंगळवारी बोंबील भाजायचा हट्ट त्यांनी सोडला. आईने विचारलं तर म्हणायचे, "तुला वाटेल त्या दिवशी भाज."

दादा खूप जगला. स्टेशनजवळ फोनच्या बूथवर बसला, मग तिथेच झेरॉक्सचं यंत्र आलं, त्यावर बसला. डाव्या पायाला पट्टा, हातात काठी, आणि खांदे शेवटपर्यंत रुंद. बसलेला असताना लोकांना वाटायचं, पहिलवान आहे. लग्न केलं नाही. मला शिकवलं ते त्याने. माझ्या मुलीला कडेवर घेता यायचं नाही म्हणून बसून मांडीवर घ्यायचा. तीन वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या आजारात मी त्याची पावलं चोळायचे आणि दर वेळी आधी सांगायचे, "दादा, लावतेय हं तेल." तो म्हणायचा, "लाव."

काल श्रुतिका माझं वेळापत्रक ठरवत होती. दोन दिवस वजनाचे, बाकी चालणं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टीचा, काही म्हणजे काही करायचं नाही. "कुठला ठेवू सुट्टीचा?" तिने मोबाइलवर बोट धरून विचारलं.

"शनिवार," मी म्हटलं.

"मारुतीचा वार म्हणून का काकू?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या भावाचा."